दुसरं दार

शुक्रवारी सकाळी सित्र्याच्या कॅम्पात
लाल गाडी आली, भोंगा न वाजवता,
म्हणून कुणी उठलंच नाही.
मग खाशाबाने दारं बडवत
सगळ्यांना अंगणात काढलं,
टॉवेलवर, तोंडात ब्रश,
एकजण अर्ध्या दाढीचा.

सार्जंट जनाही अरबीत बोलत होता,
मधूनच हिंदी, सिनेमातली.
मराठीसाठी मला पुढे ढकललं :
स्टोअरकीपर आहे, मोजून देतो.

लोखंडी ट्रेमध्ये डिझेल. काडी.
भप्पकन उभी राहिली ती,
त्या उन्हातही तिचं ऊन वेगळं लागलं.
‘तफाया,’ लाल नळकांडं उचलून तो म्हणाला.
पिन ओढा. नळी धरा. दाबा. झाडू मारल्यासारखं फिरवा.
आणि शेंड्यावर नाही, बुडाशी.
मी म्हटलं : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी करू नका.
आमच्यातले पंधराजण खो खो हसले.
सार्जंट बघत राहिला,
त्याच्या वाक्यात हसण्यासारखं काय होतं?

‘विझवा’ म्हणताना मात्र जीभ अडखळली.
आई दिवा विझवत नसे,
शांत करायची, फुलाने.
रात्री निखारा राखेखाली झोपवायची.
फुंकर तिने फक्त पेटवायला वापरली.
आणि मी इथे, बाराव्या वर्षी,
मोठमोठ्याने : विझवा, विझवा.

मुरारीने एका दमात विझवली.
पांढरी धूळ भुवयांवर बसली,
आरशात बघून म्हणाला, बाबा दिसतोय मी.

दाऊद परकार, खेडचा, हात वर करून :
‘आणि ती?’
टाक्यांपलीकडे रिफायनरीची ज्योत,
भर दिवसा जळणारी,
आम्ही आलो त्याच्याही आधीची.
मी भाषांतर केलं नाही.
सार्जंटला तरी कळलं.
‘ती पगाराची आहे. तिला हात लावू नका.’

मग खोल्या.
एका बोर्डात सात चार्जर, वायरीला चिकटपट्टी,
पलंगाखाली शेगडी. चहापुरती, आम्ही म्हणालो.
त्याने वही काढली नाही.
डॉक्टर पोट दाबत जातो तसा गेला,
इथे दुखतं? इथे?
सात नंबरमध्ये थांबला,
जिथे दुसरं दार असायला हवं होतं.

दार होतं.
त्याच्यापुढे खोकी,
दोरीने करकचून बांधलेली, जाड मार्करने मु. पो. लिहिलेली :
ब्लँकेटं, दूध पावडर, अत्तर, टॉर्च,
खाशाबाच्या लेकीचं शिलाई मशीन.
कुणाकुणाची पुढची सुट्टी
छतापर्यंत रचून ठेवलेली.

‘आग लागली तर,’ सार्जंट सावकाश म्हणाला, मला वेळ देत,
‘काही घ्यायचं नाही. वाकायचं,
ओला कपडा नाकावर, भिंतीला हात.
पावलं आधीच मोजून ठेवायची.
मागे फिरायचं नाही.’
मोबाईल? नाही.
पासपोर्ट? तो तसाही कंपनीच्या कपाटात.
खाशाबाने हळूच, फक्त मला :
‘आणि मशीन?’
याचं अरबी मला येत होतं.
मी विचारलं नाही.
मीच म्हटलं, नाही, खाशाबा.

दुपारी खोकी हलवली.
बिजागरी किंचाळली.
बाहेर माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ,
एसीच्या पाण्याने शेवाळलेला,
कुणाची तरी एक चप्पल, डावी,
आणि बोळाच्या टोकाला, तळहाताएवढा, समुद्र.
परकार म्हणाला, बघा, इतकी वर्षं पाठीशीच होता.
मुरारी म्हणाला, वास मारतोय.

रात्री खाशाबा पाय आखडून झोपला,
पायथ्याशी मशीनचं खोकं.
दिवा गेल्यावर मी म्हटलं,
नऊशे नव्व्याण्णव, लक्षात ठेव,
आणि दारापर्यंत अकरा पावलं, मी मोजलीत.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग अंधारातून :
‘डोळे मिटून नऊच होतात.’