मंगळवार

क्रेनवरून उतरताना झटका आला
आणि एलेउतेरियोचे सगळे शब्द बंदरात सांडले.
एक उरला: मंगळवार.
भूक लागली, मंगळवार. दुखतंय, मंगळवार.
मी रडले की केसांवरून हात फिरवत
हळूच, मंगळवार.

दवाखान्यात म्हणाले, नाव नोंदवा, फोन येईल.
फोन आला नाही.
दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, हे आमच्याकडे नाही.
तिसरी खिडकी जेवायला गेली होती.

पत्ता शेवटी मासळीवालीनं दिला,
मासे गुंडाळायच्या कागदावर:
अग्निशमन केंद्र, मागची खोली, गुरुवारी चार.
तिच्या भावाचंही असंच झालं होतं.
हे सांगताना तिनं सुरी खाली ठेवली.

वाल्पराइसोत सगळं उतारावर.
एकशे बारा पायऱ्या. आम्ही दोनलाच निघालो.
शेजारचा पोरगा खुर्ची घेऊन पुढे,
दर वीस पायऱ्यांना मांडायचा.

आत नऊ जण. चहा, सादळलेली बिस्किटं.
रोसालबा नावाच्या बाईकडे उरलं होतं 'लिंबू',
आणि एक शिवी, ती मात्र खणखणीत यायची.
तिनं याला विचारलं, लिंबू?
हा जरा थांबला. मंगळवार, म्हणाला.
लिंबू, लिंबू! ती हसली,
आणि दोघं बोलत बसले अर्धा तास.
मला कुणी मधे घेतलं नाही.

परतताना चढ. सत्तराव्या पायरीवर
खुर्चीत टेकून तो बंदराकडे बघत राहिला
बराच वेळ,
मग एकदम, स्पष्ट,
ती शिवी दिली.