पाच नंबरचं घड्याळ

आठ कॅमेरे माझ्या ताब्यात. सहीनिशी.
माटीच्या, किंदळीच्या बुंध्यांना
गुडघ्याच्या उंचीवर पट्ट्यानं आवळलेले.
दर दुसऱ्या सोमवारी वाळपईहून पहिली बस,
पुढं पायवाट, पाठीवर चौसष्ट सेल.

एक नंबर वाऱ्याचे फोटो काढतो.
नऊशे चाळीस फोटो, आणि सगळ्यांत
करवंदीची तीच फांदी.
दोन नंबरात हुमल्यांनी बिऱ्हाड केलं.
झाकण उघडलं तशी अंडी तोंडात धरून पळाले,
मलाच चोरट्यासारखं झालं.
तीन बरा आहे. बऱ्याबद्दल काय सांगायचं.
चार माकडांनी वर वळवला, आता ढग मोजतो.
सहावर गव्यानं पाठ घासली.
सात कुणी तरी नेला,
पट्टा तेवढा नीट गुंडाळून
मुळाशी ठेवून गेला.
आठला भर दुपारी रात्र वाटते.

रेंजरसाहेब म्हणतात, कंपनीला कळवू.
कंपनी म्हणते, मूळ खोक्यासकट पाठवा.
खोक्यात माझ्या बायकोनं
कुळथाचं बी ठेवलंय.

राहिला पाच.
काच स्वच्छ, नजर पक्की, खोड एकच:
सेल जरा हलला की तो सगळं विसरतो
आणि पुन्हा सुरू होतो
एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा.
चतुर्थीला गेलो, शिगम्याला गेलो,
त्याची रात्र तीच.
त्याच एका रात्रीत मेरू येऊन गेलं,
साळिंदर गेलं, बिबट्याची नुसती शेपटी गेली,
डुकरीण गेली, मागे सात पिल्लं.

परवा ऑफिसात शर्वाणी मॅडमनी
स्क्रीनवर बोट ठेवलं.
सोयरू, हा कोण?
वाकलेली पाठ, कमरेला कोयता,
डोळे पांढरे, जनावरासारखे.
खाली तारीख. वेळ बारा एकेचाळीस.
मीच मॅडम, म्हटलं, सेल बदलताना.
घड्याळ बिघडलंय त्याचं.
त्यांनी लिहिलं: कर्मचारी. तारीख चुकीची.

तारीख चुकीची नाही, हे मी बोललो नाही.

त्या रात्री किनाऱ्याकडं
नवीन सालाचे फटाके होते.
आमच्यापर्यंत आवाज येत नव्हता,
पण बाबा म्हणाला, आज बार झाला तरी
लोक फटाकाच म्हणतील. चल.
मी पंधरा वर्षांचा. काम माझं एकच,
बॅटरी धरायची. हलवायची नाही.
हीच माटी. हाच पाणवठ्याचा उतार.
मी प्रकाश टाकला
आणि दोन डोळे तिथंच थांबले, पांढरे.
का थांबतात, ते मला आजही कळलेलं नाही.
बार झाल्यावर मी बॅटरी हलवली.
झुडपात लहान लहान काही तरी पळत होतं.
बाबानं ओरडून सांगितलं, तिकडं नको, इकडं धर.

पहाटे वाटे पडले.
वाघ्राच्या दगडापुढं काळजाचा तुकडा,
बंदुकीचा वाटा, कुत्र्यांचा वाटा,
आणि बॅटरीचा, एक फरा.
आईनं विचारलं नाही, मीठ काढून दिलं.
मी दोनदा वाढून घेतलं.
हेही खरं.

आता बाबा नाही. बंदूक ठाण्यात जमा.
मला खाकी शर्ट आहे, रोजंदारी आहे,
आणि पाच नंबरची चावी.

आज पुन्हा त्याच्यासमोर उकिडवा बसलो.
जुने सेल काढले, एकाला पांढरी बुरशी.
नवे घातले. पडदा उजळला:
तारीख निवडा.
बाण वर, बाण खाली. पंचवीस वर्षं
अंगठ्यानं पुढं ढकलायची, एवढंच.
अंगठा तसाच राहिला.
झाकण लावलं, पट्टा आवळला,
समोरून चार पावलं चालून बघितलं,
तांबडा ठिपका लुकलुकला.

मग दगडावर बसून फॉर्म भरला.
एक: फांदी छाटली. दोन: मुंग्या.
चार: खाली वळवला. सहा: काच तडकली.
सात: नाही.
पाच: चालू.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.