कन्नमवा

पावसकरांच्या गिरणीच्या पोटमाळ्यावर
दहा रुपयांत अर्धा तास मिळायचा.
खाली गहू पडले की टीव्ही नुसता गुणगुणायचा,
ज्वारीला मात्र थरथरायचा.
रिमोटच्या बटणांभोवती पीठ,
आणि युरोपातले सगळे क्लब
हलक्या भूकंपात खेळायचे.

क्लबांची नावं खोटी होती. परवाना नव्हता म्हणे.
खरी प्रभंजनला पाठ.
रविवारभर बसून त्याने एकेक दुरुस्त केलं,
मग उरलेल्या जागेत आमचा क्लब काढला.
नावाला आठच अक्षरं, तीही इंग्रजी.
शेवटचा आर काही बसेना.
म्हणून विक्रोळीचं कन्नमवार नगर
क्लबांच्या कपात
'कन्नमवा' होऊन उतरलं.

वेग, ताकद, उडी, नेम:
एक ते नऊ आकडे भरायचे.
प्रभंजन भरायचा, आम्ही भांडायचो.
उदेशला वेग आठ. मला चार.
"चार?"
"परवा दूध केंद्रापर्यंत पळालास ना,
कठड्यावर बसून मोजत होतो."
महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही,
आणि महिनाभर उजव्या कडेने
चारच्याच वेगाने धावलो.

स्वतःला त्याने बाराव्या नंबरवर ठेवलं, बाकावर.
नेम नऊ. त्यावर कुणी काही बोललं नाही,
कॅरमवर सगळ्यांनी मार खाल्ला होता.
वेग एक.
शून्य घालायची सोय नव्हती.

फायनल. एक-एक. शेवटची काही मिनिटं.
तो पाणी प्यायला खाली गेलेला.
उदेशने पॉज दाबला,
मला काढलं, त्याला घातलं.

जिन्यावर कुबडी वाजत होती,
आधी कुबडी, मग पाय, मग थोडा दम,
आणि पडद्यावर 'प्रभंज', आठच अक्षरांचा,
तितक्याच सावकाशीने
पेनल्टी बॉक्सकडे चालला होता.
बचावाचे गडी त्याच्या बाजूने पळून जात होते,
कुणाला तो धोका वाटला नाही.

वर येऊन त्याने पाहिलं.
"चारचा गडी काढून एकचा घातला?
गाढवांनो, मी असं कधीच केलं नसतं."
आणि उदेशच्या हातातून रिमोट घेतला.

बॉल खांबाला लागला.

पुढे पेनल्टीत हरलो, ते सोडा.
परवा भेटला, केस पिकलेत,
अजून तेच सांगतो:
खाली शिर्क्यांची ज्वारी होती रे.
गहू असते तर आत होता.