जमणे

मैदानावर आमची भाषा गुजराती.
डाबे म्हणजे डावीकडे, ते सोपं.
जमणे म्हणजे उजवीकडे,
हे अंगात मुरायला माझं पहिलं वर्ष गेलं.
पाठीमागून हंसा राठवा ओरडायची, "जमणे! जमणे!"
आणि दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्या कानाला वाटायचं
ही म्हणतेय, जमेल, जमेल.
मी जागच्या जागी सुखावायचे
आणि त्यांची विंगर उजवीकडून निघून जायची.

चार नंबर. मधली बचावपटू.
शर्ट आधीच्या बॅचमधल्या कुणा शिर्केचा,
काखेत उसवलेला,
दहा धुण्यांनंतरही वास तिचाच.

तावडे मॅडम म्हणायच्या,
पुलावरून विश्वामित्रीतली मगर बघितलीस कधी?
दिवसभर नुसता ओंडका.
तू का धावतेस चेंडूमागे? येऊ दे त्याला.
मी खरंच स्कूटी लावून बघत राहिले.
पाऊण तास तिनं काही केलं नाही.
मी घड्याळ बघितलं, तेवढ्यात
ती तिथं नव्हती, पाणी तसंच होतं.
मला ते कधी आलं नाही. मी घाईचीच.

नवरात्रात अर्धी टीम रात्री दोनपर्यंत गरब्यात.
सकाळी सहाला फोड आलेले पाय बुटांत कोंबून
झरणा अमीन आमच्याच गोलपोस्टला टेकून झोपायची.
रोजे असले की रुखसाना पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायची
आणि दुसऱ्या हाफमध्ये आमच्याहून जास्त पळायची.
जिंकलो की सेव-उसळ, हरलो तरी सेव-उसळ,
फक्त हरल्यावर तर्री जास्त मागायचो,
म्हणजे डोळ्यांतलं पाणी कशाचं
ते कुणी विचारायला नको.

माझ्या कामाचा हिशोब कुठे लिहीत नाहीत.
जे गोल झाले नाहीत त्यांची संख्या किती?
वर्तमानपत्रात नाव आलं एकदाच:
जळगाव, उपांत्य सामना, एक्क्याऐंशीवं मिनिट,
पागनीसचा स्वयंगोल.
तेही "पानीस" छापलं होतं.
आईनं तरी ते कापून ठेवलं,
विजेच्या बिलांच्या फायलीत.

त्या मिनिटाचं मला एवढंच आठवतं:
उन्हात पांढरा झालेला चेंडू,
माझा गुडघा,
आणि मागे शांतता.
बसमध्ये सगळ्याजणी खिडक्यांना चिकटलेल्या.
हंसा उठून माझ्या शेजारी आली.
म्हणाली, मी हाक दिलीच नाही, उन्हात मला दिसलंच नाही,
लिही घरी, गोलकीपरची चूक.
हातमोजे माझ्या मांडीवर ठेवून ती झोपली.
ते ओले होते, जड होते.
ती खरं बोलली का, हे मी तेव्हा विचारलं नाही
आणि नंतर विचारणं बरं दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली.
चार वर्षं ती माझ्या पाठीशी उभी होती
आणि सामन्यात तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही.
ती उडी मारताना ओठ चावते का?
डोळे मिटते का?
विरुद्ध टीमच्या मुलींना माहीत असेल.
मला नुसता आवाज माहीत.

आता ती कवांटकडच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते.
पाच फूट एक इंचाच्या गोलकीपरनं
उडी कुठून आणायची, हे सांगत असेल पोरींना.
मी अलकापुरीत दवाखान्याच्या बिलांवर शिक्के मारते.
गुडघा थंडीत बोलतो.

काळा घोडा सर्कलला रस्ता ओलांडताना
मी अजून फक्त डावीकडेच बघते.
उजवीकडचं कुणीतरी सांगेल,
अशी सवय राहून गेली आहे.
परवा उजवीकडूनच सिटी बस आली, करकचून थांबली.
ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून
माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, शुद्ध गुजरातीत.
त्यात तो एकच शब्द नव्हता.