तीन मिलिमीटर

सावद्यात आमच्याकडे केळी उन्हात पिकत नाहीत.
हिरवीगार येतात, क्रेटमध्ये बसतात,
बंद खोलीत, सोळा अंशांवर,
चार दिवसांत पिवळी होऊन निघून जातात.
त्या चार दिवसांची नोंद मी ठेवते.
बारा वर्षं झाली.
पंख्याचा झोत थेट टेबलावर येतो.
रजिस्टरची पानं दगडाने दाबता येतात,
डोळ्यांवर काय ठेवणार?

"डोयात कचरा गेला असीन, धुई टाक," जाऊ म्हणाली.
धुतले. कचरा तसाच.

स्कूटीवर गरम वारा लागला की घळाघळा पाणी,
सिग्नलला लोक वळून बघायचे.
आणि यावलच्या आत्या गेल्या,
ज्यांनी मला नववीपर्यंत सांभाळलं,
त्या दिवशी एक थेंब नाही.
बायकांनी पदराआडून पाहिलं.
"नोकरीवाल्या अशाच," कोणीतरी म्हणालं.
मी ऐकलं. डोळे चुरचुरत होते.

भुसावळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं आडनाव झोपे.
हसू आलं, पण त्यांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली
आणि म्हणाले, मिटून बसा, पाच मिनिटं.
पाच मिनिटं मी आत्यांना आठवत बसले,
मुद्दाम.
पट्टी निघाली: तीन मिलिमीटर.
तहसिलात मोजले असते
तर दुष्काळ जाहीर झाला असता.
"वाऱ्यावरचं पाणी?"
"ते घाईचं. येतं आणि जातं, मुरत नाही."

रक्तात ड जीवनसत्त्व नऊ.
"डॉक्टर, मी खान्देशात राहते.
मे महिन्यात आमच्या देवघरातली मेणबत्ती
न पेटवता वाकते."
"ऊन आहे हो," ते म्हणाले, "तुम्ही कुठे आहात?"

मी मोजलं.
सकाळी स्कार्फ, हातमोजे, फक्त डोळे उघडे.
दिवसभर सोळा अंश.
संध्याकाळी परत स्कार्फ.

थेंब दिवसातून चारदा.
आणि आठ रविवार, दुधातून एक पाकीट, साठ हजार.
साठ हजार काय, ते विचारायचं राहिलं.
"याने डोळे ओले होतील?"
"काहींचे होतात. सगळ्यांचे नाही.
कमी आहे ते भरून काढू, मग बघू."
खोटं बोलले नाहीत, म्हणून मी पाकिटं घेतली.

आज पाचवा रविवार.
गच्चीवर जाऊ केयीच्या चकत्या वाळत घालते,
मी बाह्या सारून चादरीच्या कडेला बसते.
"तूबी वाय आता," ती म्हणते,
आणि आम्ही दोघी इतक्या हसतो
की उजव्या डोळ्यात काहीतरी येतं.
घाईचं असेल.
मी पुसत नाही.

पुढची पट्टी आषाढात.
आत्यांचं जांभळं लुगडं माझ्या कपाटात आहे,
डांबरगोळ्यांच्या वासात.
ते उघडायचं
मी पट्टीनंतरवर टाकलंय.