पटनोंदणी

मे महिन्यात आम्ही मास्तर-बाया दारोदार फिरतो.
वीस लेकरं भरली नाहीत
तर शाळा शेजारच्या गावाला जोडतील
आणि मला जिंतूरच्या पार टोकाला कुठंतरी.

माझ्या वहीत एकोणीस नावं.
विसावं आशामतीच्या घरात
पत्र्याखाली, टेबलफॅनसमोर चिंचोके मोजतंय.
एकोणनव्वद, नव्वद. कुठंच अडत नाही.

माझं बोलणं पाठ झालंय मला:
पुस्तकं फुकट, दोन गणवेश, दुपारची खिचडी,
आता आमच्याकडंही पडद्यावर शिकवतात
(पडदा आहे. वीज बारानंतर येते).
आशामती ऐकून घेते. गूळ-पाणी देते.
मग विचारते, टोचायचं म्हणून नाही, सहजच,
"बाई, तुमची ओवी कोन्त्या शाळंत हाय आता?"

सेलूत.
पिवळी बस साडेसातला आमच्या गल्लीत वळते,
मी आठच्या एस्टीनं उलट्या दिशेला निघते.
टाय मीच बांधते तिचा.
सांगून टाकलं. खोटं बोलले असते
तरी गावाला बसचा नंबर माहीत आहे.

"मंग," ती म्हणाली, आणि पेटीतून फॉर्म काढला.
त्याच शाळेचा.
दोन शेळ्या विकल्यात. तिसरी गाभण आहे,
तिच्यावर दुसरा हप्ता.
"समदं इंग्रजीत हाय. तुमीच भरून द्या."

भरला.
मुलाचं नाव सोपान. जन्मतारीख.
आईचं शिक्षण सातवी, जिल्हा परिषद शाळा,
हे मला विचारावं लागलं नाही.
एका रकान्यात होतं, घरी कोणती भाषा बोलता?
पेन थांबला.
"नुसती मराठी लिवू नका," ती हळूच म्हणाली,
"घेनार न्हाईत."
मी दोन्ही लिहिल्या.
ओवीच्या वेळी लिहिल्या होत्या, तशाच.

खाली तिनं सही केली, ओठ दाबून, सावकाश.
'श'ची गाठ वरून जराशी सुटी,
वीस वर्षांपूर्वी याच गावात
मी फळ्यावर काढायचे तशी.
तेव्हा आमचा पट होता एकशे चाळीस,
आणि पाटलाची नात
आशामतीच्याच पट्टीवर बसायची.

उन्हात बाहेर आले. वहीत एकोणीसच.
मागून पोरगं ओरडलं,
"बाई, दोनशे बारा झाले!"
"बरोबर," मी म्हणाले. "मोज पुढं."