साखळी क्रमांक चार

अशोक चौकामागं, टॉवेलच्या शेडवर
खोली घेतली होती आम्ही तीन महिन्यांपुरती.
खाली बत्तीस माग. वर एक लॅपटॉप, एक टेबलफॅन,
आणि सत्तावीस शब्द,
जे पृथ्वीवर कुणाचेच नव्हते.

मीच बनवलेले. एका रात्रीत,
चिठ्ठ्या टाकून अक्षरं उचलत:
नेपोटे. किहामू. गुविला. टेहोकू.
मुद्दाम बेवारस. मराठी नको, तेलुगू नको,
कन्नड नको, दखनी नको.
चारही दारं मी स्वतः लावून घेतली होती.

पडद्यावर लाल गोल उड्या मारतो: गुविला.
निळा त्रिकोण गिरकी घेतो: किहामू.
शिकवायचे निम्मे, विचारायचे सगळे.
जे उत्तर येईल, बरोबर की चूक,
तोच पुढच्या माणसाचा धडा.
आपल्या मागं कोण होतं, पुढं कोण आहे,
कुणाला सांगायचं नाही.
मानधन दीडशे, चहा वेगळा.

पहिली पोचम्मा कोडम.
हजार विड्या वळून आलेली, बोटं तपकिरी.
गुविला ऐकून हसली. का, ते बोलली नाही.
चार शब्द ध्यानात राहिले तिच्या,
बाकी तिनं स्वतःच्या जबाबदारीवर ठोकून दिले.
"चुकलं का गं?"
"इथं चूक नसते, मावशी."
हे मी निम्मंच खरं बोलले.

मग रेवणसिद्ध, रिक्षा खाली उभी करून,
घड्याळाकडं बघत.
मग नाझनीन नदाफ, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला,
जिनं उत्तरं आधी तळहातावर लिहिली,
आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चौथे अंबादास बोल्ली.
एकतीस वर्षं जेकॉर्डची कार्डं पंच केलेली.
भोक कुठं पडलं की चादरीवर काय उगवतं
हे माणसाला आंधळेपणानं कळतं.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"उड्या मारणाऱ्याच्या शेवटी ला हाय की सगळीकडं."

सगळीकडं नव्हता. दोनच ठिकाणी होता.
एक माझ्या चिठ्ठीतून पडलेला,
एक पोचम्माच्या जिभेवरून घसरलेला.
बाकी सात त्यांनी तिथल्या तिथं बसवले
आणि शपथेवर म्हणाले, असंच होतं.

जाताना सांगितलं: एकदा पंच सरकला,
मोराला एक पीस जास्तीचं आलं.
मालक ओरडला. व्यापाऱ्यानं मात्र
तसलेच दोनशे नग मागवले.
आता पाच पिसांचा मोर गिऱ्हाईक परत करतं.

नवव्या माणसापर्यंत भाषा उभी राहिली.
सुरुवातीला रंग, मधे आकार, शेवटी चाल.
न शिकवलेल्या आकृतीलाही
लोक बिनचूक एकच नाव द्यायला लागले.
कुणी केलं? रजिस्टरमध्ये नऊ सह्या आहेत,
एक अंगठा धरून.
नऊही जण म्हणतात, आम्ही फक्त पाठ केलं.

पुण्याहून सरांचा फोन: आलेख सुंदर उतरलाय.
मी हो म्हणाले. खालचे माग इतके धडधडत होते
की हो दोनदा म्हणावं लागलं.

दिवस बुडताना पोचम्मा जिन्यात भेटली,
राहिलेल्या पन्नास रुपयांसाठी आलेली.
"अजून काय करूलालीस गं वर?"

करूलालीस.
मी पायरीवरच थांबले.
हा शब्द मी पुण्यात पहिल्याच आठवड्यात
जिभेवरून खरवडून टाकला होता.
इथं जे जे चालू असतं त्याच्या पोटात
हा ला असतो: येऊलालाय, खाऊलालाय,
लाल गोल उड्या मारूलालाय.

चार दारं लावली होती मी.
हा तर आधीपासून घरातच बसलेला,
चहा पीत.

शास्त्राच्या भाषेत याला दूषण म्हणतात.
साखळी बाद करायला हवी.
पन्नास रुपये दिले, सही घेतली,
मग वहीत, तारखेपुढं,
आधी शाईनं लिहिलं: साखळी चार, रद्द.
पुन्हा तेच खोडलं.

"काही नाही मावशी," म्हटलं,
"लिहूलालेय."
तेव्हा ती हसली,
गुविलाला हसली होती तशीच.